मापात शिवलेला उंदीर

उंदराला खिसा हवा की नको, यावरून माझं आणि बारकू मास्तरांचं त्यांच्या दुकानाच्या पायरीवर चांगलंच वाजलं.

"साहेब, मी आजवर खिशाबिगर कपडा शिवला नाय," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईक परत येतं. रुमाल कुठं ठेवू म्हणतं."

"मास्तर, ही पँट नाही. मानेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकसंध सूट आहे. अंगाला चिकटून बसणारा. उंदराचा."

"उंदराला घाम येत नाय का?"

मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे. भल्याभल्यांच्या अर्जांवर मी शेरे मारले आहेत. पण हा अर्ज काही मला फेटाळता आला नाही. शेवटी पोटाच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही असा एक खिसा ठेवायचा, अशी तडजोड झाली. मास्तर तरीही घुश्शातच होते. त्यांचं म्हणणं, खिसे जोडीनेच असतात.

आता मुळात हा उंदीर आला कुठून, ते सांगतो. आमच्या गंगापूर रोडवरच्या गोदातरंग सोसायटीत गणपती बसतो. मूर्ती मोठी, आरास मोठी, आणि बाप्पाच्या पायाशी मूषक मात्र बोटभर. दरवर्षी आरती करताना तो बिचारा फुलांखाली गाडला जातो. याची कुणाला खंतच नाही! यंदा मॉलमध्ये एक माणूस अस्वलाचा पोशाख घालून जाहिरातीचे कागद वाटत होता आणि शंभर पोरं त्याच्या अंगाला लोंबत होती. ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणसाएवढा मूषक! मुखवटा, मिशा, शेपूट, सगळं! त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि शुभांगीलाही मी लागू दिली नाही.

"अहो, गच्चीवरच्या ठिबक सिंचनाचं पाणी खालच्यांच्या बेडरूममध्ये उतरलं होतं, आठवतंय ना?" एवढंच म्हणून ती कुशीवर वळली. बायकोने उत्साहाला विरोध केला की समजावं, कल्पना मोठी आहे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडला तर त्याच्या आधीचाच ठराव उंदरांच्या बंदोबस्ताचा निघाला. पार्किंगमधल्या उंदरांनी चेअरमन गोटीराम अण्णांच्या गाडीच्या वायरी कुरतडल्या होत्या. पेस्ट कंट्रोलला सगळ्यांनी हात वर केले आणि ते खाली येतात न येतात तोच मी म्हणालो, "आता उंदराच्या स्वागताबद्दल." अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू वायरी मीच खाल्ल्या होत्या. पण देवाचं वाहन म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? ठराव मंजूर झाला. माझी छाती फुगली.

छाती फार काळ फुगलेली राहिली नाही. आत कोण शिरणार, असा प्रश्न निघाला. मी विनयाने खाली बघत राहिलो, म्हणजे कुणीतरी माझं नाव सुचवेल. तर अण्णा माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "शेवाळे, घट्ट कपड्याचं काम आहे. पोट देवाला शोभतं, वाहनाला नाही." सगळे हसले. तिसऱ्या मजल्यावरच्या रोहितचं नाव ठरलं. तो इंजिनिअरिंगला आहे आणि काडीसारखा आहे.

ज्याची कल्पना त्याला पिंजऱ्याबाहेर ठेवायचं, हा कुठला न्याय? मी तडक रोहितला गाठलं. पोरगा हुशार. "काका, मला त्या दिवशी मित्रांबरोबर मंडळांचे देखावे बघायला जायचंय. तुम्हीच घाला. मी कुणाला सांगत नाही." मी त्याला मिठी मारली. मास्तरांकडे नाव रोहितचं दिलं आणि माप माझं.

फक्त एक घोळ झाला. माप देताना श्वास आत ओढायची मला लग्नाच्या सुटापासूनची सवय आहे. मास्तरांनी टेप लावला, मी पोट पाठीला टेकवलं, आणि मास्तरांनी जे दिसलं ते लिहून घेतलं.

डोकं मात्र मी घरी स्वतः केलं. माझं जुनं हेल्मेट, त्यावर गादीतला स्पंज, स्पंजावर रविवार कारंजाच्या बाजारातून आणलेलं करडं केसाळ कापड. मिशांना खराट्याच्या काड्या, दातांना थर्माकोल. आणि माझी खरी करामत म्हणजे कान! आत माणूस गुदमरू नये म्हणून दोन्ही कानांत जुन्या कॉम्प्युटरचे छोटे पंखे बसवले. डाव्या कानातून हवा आत येणार, उजव्यातून बाहेर जाणार.

"माझ्या बोलण्याचं होतं तेच," शुभांगी म्हणाली.

आता परवानगी. आगमनाच्या मिरवणुकीत मुखवटा घालणाऱ्याचा फोटो लागतो, असं पोलीस चौकीवर कळलं. मी रोहितचा फोटो दिला. साहेब म्हणाले, "मुखवट्यासह हवा." मी घरी येऊन डोकं घालून फोटो काढला आणि परत गेलो. साहेबांनी तो बराच वेळ न्याहाळला. "यात तोंड दिसत नाही."

"साहेब, मुखवटा आहे."

"तोंड स्पष्ट दिसलं पाहिजे, असा नियम आहे."

नियमापुढे मी नेहमीच नमतो, तो माझा धंदाच आहे. मिरवणूक उंदराविना निघाली. मग ठरलं की सोसायटीच्या आवारात परवानगी लागत नाही, तेव्हा पाचव्या दिवशी संध्याकाळच्या कार्यक्रमात उंदीर काढायचा. सगळे खूश झाले. फक्त आमच्या घरात सायलीने हातातला चमचा खाली ठेवला.

कारण पाचव्या दिवशी संध्याकाळी अमोलचे वडील येणार होते.

सायली आमची एकुलती एक. तिने अमोल पसंत केलेला, आम्हाला दोघांनाही तो आवडलेला. अडलं होतं ते त्याच्या वडिलांवर. सहादू कातकाडे, राहणार नाशिक रोड, उभा जन्म तिथल्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये गेलेला. तिथलं काम तिथेच ठेवायचं, घरी अक्षर काढायचं नाही, ही तिथली शिस्त. ती या माणसाने सगळ्याच गोष्टींना लावलेली. अमोलची आई नाही. म्हणजे होकार-नकार जो काय तो एकट्या त्यांच्या तोंडून यायचा, आणि ते तोंड काही उघडत नव्हतं. मी फोन केला होता. आमचं गाव, माझी नोकरी, सायलीचं शिक्षण, नाशिकची हवा, सगळं सांगितलं. पलीकडून अधूनमधून हुंकार. शेवटी "बरं, ठेवू?" एवढंच. मी शुभांगीला म्हटलं, गृहस्थाच्या मनात हे स्थळ नाही. सायलीने ते ऐकलं. त्या रात्री ती जेवली नाही.

"बाबा," आता ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही पांढरा शर्ट घालून दारात उभे राहा. तुमचा एकही उद्योग त्यांना दिसता कामा नये. आणि जरा कमी बोला. प्लीज."

"उंदीर रोहित होणार आहे," मी म्हणालो. हे बोलताना माझी नजर फ्रिजकडे होती.

हिशोब सोपा होता. आधी उंदीर, मग आंघोळ, मग पांढरा शर्ट, मग पाहुणे. मधे भरपूर वेळ होता.

पाचव्या दिवशी मी पलंगावर आडवा पडलो आणि शुभांगीने पावडरचा अख्खा डबा माझ्यावर रिकामा केला. पाय गेले. मांड्या गेल्या. पोटापाशी गाडी थांबली. "श्वास आत घ्या," ती म्हणाली. घेतला. चेन वर गेली. "आता सोडा." सोडता येईना! त्या क्षणापासून मी माप देतानाचा माणूस झालो होतो. पण आरशात पाहिलं आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. करडा, तुकतुकीत, बागेच्या पाइपावर कापड चढवलेली ती झुपकेदार शेपूट! मोबाइल आतल्या खिशात टाकला, मास्तरांचं मनोमन कौतुक केलं, डोकं चढवलं, हेल्मेटचा पट्टा कट्कन लावला आणि मागच्या जिन्याने खाली उतरलो.

काय तो जल्लोष! पोरांनी किंचाळून आवार डोक्यावर घेतलं. ढोल सुरू झाला आणि मी नाचलो. आयुष्यात कधी नाचलो नव्हतो. वरातीतही मी हातात पाकीट घेऊन उभा राहणारा माणूस. पण तोंड झाकलं की पाय मोकळे होतात, हे मला त्या दिवशी कळलं. कुणीतरी म्हणालं, "रोहित जरा सुटलाय नाही?" मी तिकडे दुर्लक्ष केलं. एका पोराने शेपटीवर पाय दिला, मी उताणा पडलो, सगळ्यांना वाटलं तोही नाचाचाच भाग. टाळ्या पडल्या!

आणि मग गोजराबाई आल्या. या अण्णांच्या मातोश्री. काठी टेकत त्या थेट माझ्यापर्यंत आल्या, माझ्या केसाळ कपाळाला हळदकुंकू लावलं, थर्माकोलच्या दातांना मोदक टेकवला. पुढे त्या काय करणार ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. देवळात आपण सगळे तेच करतो. मूषकाच्या एका कानात मनातली इच्छा सांगायची, म्हणजे तो ती बाप्पाला पोचवतो. आणि सांगताना त्याचा दुसरा कान हाताने झाकायचा, म्हणजे इच्छा तिकडून निसटून जात नाही. लहानपणापासून मी हे करत आलो आहे. कानांत पंखे बसवताना मात्र हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गोजराबाईंनी डावा कान दाबला. आत येणारी हवा बंद. उजव्या कानाला तोंड लावलं. बाहेर जाणारी हवाही बंद.

"बाप्पाला म्हणावं, माझी कवळी सापडू दे. सुनेनंच ठेवलीय कुठंतरी."

मी मान डोलावली, कारण दुसरं काही करण्याइतकी हवाच नव्हती. त्या बाजूला झाल्या तर मागे ही रांग! अख्खी सोसायटी. कुणाला लिफ्ट हवी, कुणाला बदली हवी, कुणाला शेजाऱ्यांचा कुत्रा नको. प्रत्येक जण कान दाबायचा आणि मी दोन माणसांच्या मधे एक घोट हवा पिऊन घ्यायचो. अण्णाही आले. इकडे तिकडे बघून, कान घट्ट दाबून कुजबुजले, "देवा, पुढच्या वर्षी त्या शेवाळेला काही सुचू देऊ नकोस."

हे मला! माझ्याच कानात! मी वाहन होतो म्हणून गप्प बसलो, नाहीतर ठराव मंजूर झाला त्या मीटिंगचं इतिवृत्त मी तिथल्या तिथे वाचून दाखवलं असतं.

इतक्यात समोर सायली दिसली. मोबाइल कानाला, चेहरा पांढराफटक. आणि माझ्या पोटात रिंग वाजायला लागली. मी पोटावर हात दाबला. रिंग वाजतच राहिली. सायलीने मोबाइल बंद केला, पोट गप्प झालं. तिने पुन्हा लावला, पोट पुन्हा वाजलं. ती रांग मोडून पुढे आली, कान दाबला आणि दुसऱ्या कानात म्हणाली, "बाबा?"

मी मान हलवली.

"ते आलेत. गेटवर आहेत. आधीच आलेत. काढा हे डोकं आणि मागून घरी जा."

गळ्याशी हात घातला तर पट्ट्याचं बक्कल केसाळ कापडाच्या आत गुरफटून घट्ट बसलेलं. दोन्ही हातांनी ओढलं, निघेना.

"निघत नाही," मी आतून म्हणालो.

"मग आहात तसे उभे राहा. तोंड उघडू नका. मी सांगते, बाबा हार आणायला गेलेत. बाबा, माझं सगळं यावर आहे हो." तिचा आवाज फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "सायली, आटप, आमच्याही इच्छा आहेत!"

डोळ्यांच्या जाळीतून मी त्यांना पाहिलं. उंच, काळेसावळे, पांढरा सदरा, हात मागे बांधलेले. अमोल बाजूला. शुभांगी पुढे होऊन काहीतरी बोलत होती, अमोल हसत होता, आणि हा माणूस खांबासारखा उभा. नकार घेऊनच आलाय, मी मनाशी म्हटलं.

"पाव्हणं, या की इकडं," गोजराबाईंनी हाक मारली. "सांगा कानात. लाजू नका. सगळ्यांचं पोचतंय इथून."

मला वाटलं ते नाही म्हणतील. पण ते आले. चपला काढल्या, मला नमस्कार केला आणि डाव्या कानावर पंजा ठेवला. कसला पंजा तो! पंखा आतल्या आत टर्रकन् थांबला. उजव्या कानाशी ते वाकले. नुसता श्वास ऐकू येत होता, तोही त्यांचाच, कारण माझा संपत आला होता. मग खाली मान घालून बोलावं तसे ते बोलू लागले.

"बाप्पाला सांग, मी सहादू. मला बोलता येत नाय. पह्यल्यापासून नाय. सारं बोलणं अमोलची आई करायची. ती गेल्यापासून घरात आम्ही दोघं अन् टीव्ही. ही पोरगी चहाला आली व्हती. लय बडबडली. ती गेल्यावर अमोल म्हनला, पप्पा, तुम्ही हसले. मला कळलं पन नाय."

माझ्या डोळ्यांपुढे चांदण्या नाचायला लागल्या होत्या. आत घामाची धार लागली होती, आणि त्यात दुसरंही पाणी मिसळत होतं.

"तिचा बाप लय बोलणारा माणूस हाय. फोनवर मला मधी शिरायला जागाच घावत नाय. त्याला वाटत असंल, हा मानूस नाराज हाय. आता मी काय सांगू त्याला? नाराज कशाचा असंल मी? पोरीच्या पायगुणानं घर बोलायला लागंल माझं. बाप्पा, आज त्याच्यापुढं एवढं बोलू दे मला, की पोरगी आमच्या घरी द्या, आम्ही जपू तिला. येताना रिक्षात पाठ करत आलोय. पन त्याला बघितलं की इसरंल."

मला ओरडावंसं वाटलं. अहो, द्या काय, दिली! आत्ताच दिली! पण समोर सायली ओठ दाताखाली धरून उभी होती, आणि हा माणूस एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सलग बोलत होता. मी आजवर कुणाचंही बोलणं पुरं होऊ दिलेलं नाही. त्यांचं होऊ दिलं. त्यांनी पंजा काढला, आणि मी शेपटीसकट जमिनीवर बसलो आणि मग आडवा झालो.

"रोहितला चक्कर आली!" एकच गलका झाला.

"मला?" गेटमधून आत येता येता रोहित म्हणाला. त्याच्या हातात भेळेचा कागद होता. सगळ्यांनी रोहितकडे पाहिलं, मग उंदराकडे पाहिलं. अण्णांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

शुभांगी कात्री घेऊन धावत आली. अमोलने डोकं धरलं, तिने पट्टा कापला, आणि थर्माकोलचे दात, मिशा, पंखे असं सगळं माझ्या डोक्यावरून निघालं. गार वारा तोंडाला लागला. पावडर आणि घामाचा लेप झालेला माझा चेहरा साऱ्या गोदातरंग सोसायटीने पाहिला. ढोलवाले थांबले. सायलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अमोल आधी मला, मग वडिलांना बघत राहिला.

"पप्पा," तो कसाबसा म्हणाला, "हे सायलीचे बाबा."

सहादूराव माझ्याकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळत नव्हतं. मी स्वागताचं एक लांबलचक भाषण तयार ठेवलं होतं, त्यात दोन्ही घराण्यांचा इतिहास होता. त्यातला एक शब्द मला आठवेना. ते पुढे आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले.

"पोचलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पोचलं," मी म्हणालो. "आणि मंजूरही झालं."

त्यांनी मोठा श्वास सोडला.

"मग परत नाय सांगत," ते म्हणाले, आणि माझी शेपूट बाजूला सारून माझ्याशेजारी मांडी घालून बसले.